बिनखिडकीची केबिन

बोटीवरच्या त्या लांबलचक बोळात तात्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. पांढरा नेहरू शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी, हात मागे बांधलेले. आत माई आणि मी कपडे बदलत असलो की ते बाहेर, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. आम्हाला दहा मिनिटं पुरायची, पण ते अर्धा तास आत यायचे नाहीत. पहिल्याच संध्याकाळी समोरच्या केबिनमधल्या बाईंनी त्यांना बोटीवरचे कामवाले समजून टॉवेल मागितला. तात्यांनी आमचं दार वाजवलं, "टावेल द्या एक," म्हणाले, आणि आमच्या तीन टॉवेलांतला एक नेऊन त्यांना देऊन टाकला. माई चिडल्या.

"अवो, आपुन तिघं हाय की!"

"त्यांच्याकडं एक बी न्हवता," तात्या म्हणाले. "आपल्याकडं दोन हायती अजून."

तात्या जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. बारामतीत मी सात वर्षं त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, माईंच्या, घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते, अजूनही करते. तात्या कॅनॉलवर कालवा निरीक्षक होते, तेहतीस वर्षं. कॅनॉलवरून फुटणाऱ्या कुठल्या चारीला, कुठल्या शेतकऱ्याला किती तास पाणी मिळणार, म्हणजे कुणाची बारी कधी, हे ठरवून त्याप्रमाणे कॅनॉलची लोखंडी दारं उघडायची, पाडून बंद करायची आणि कुलपं घालायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा किल्ल्या सरकारला परत दिल्या. बारी मात्र घरी घेऊन आले.

बाथरूमच्या दाराला शाळेतली दगडी पाटी टांगलेली असायची. त्यावर रोज सकाळचा नंबर. सगळ्यात वर मी, मग माई, शेवटी ते स्वतः. मी राहायला गेले त्या दिवशी मला संकोच वाटला. भाडेकरूनं घरमालकाच्या आधी अंघोळीला कसं जायचं?

"तू वरती ऱ्हातीस," तात्या म्हणाले. "लांबची हाईस. टेलवाल्याला आधी."

टेल म्हणजे कॅनॉलचं शेवटचं टोक. दारापाशी ज्यांची रानं असतात ते हवं तेवढं पाणी ओढून घेतात आणि शेवटचा माणूस कोरडा राहतो. म्हणून पाणी आधी शेवटच्या माणसाला द्यायचं आणि मग एकेक करत मागं यायचं, असा तात्यांचा हिशेब. हा हिशेब ते कशालाही लावत. आंब्याची पेटी फुटली की पहिला आंबा शेजारच्या गल्लीतल्या धुणीवाल्या बाईंना, शेवटचा त्यांना स्वतःला. तोपर्यंत बहुधा पेटीत गवतच उरायचं. पेपर आला की आधी माझ्याकडे वर, कारण मी लॅबला लवकर जायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याचा हात धरून त्याला पार दुसऱ्या टोकाला नेलं आणि म्हणाले, "हितनं सुरू कर." नवरदेवाच्या मामांना वरण शेवटी मिळालं. मामा वर्षभर तात्यांशी बोलले नाहीत.

माझं वय पस्तिशीकडे चाललेलं, लग्न नाही. आमच्याकडे हे लोकांना दुखल्या दातासारखं सतत जिभेनं चाचपायला लागतं. तात्यांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही. सात वर्षांत तात्यांनी मला एकदाही विचारलं नाही. एकदा त्यांच्या चुलत बहिणीनं माझ्यासमोरच विषय काढला, तर म्हणाले, "आक्के, तिची बारी तिला ठावं. तू का किल्ली घिऊन फिरतीयास?" आक्कांनी चहा पिऊन रस्ता धरला. त्या एका वाक्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

बोटीची हौस माईंची. त्याला कारण पळसदेव. एका मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी खाली गेलं होतं, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, आणि आम्ही तिघं ते बघायला गेलो होतो. मासेमारीच्या नावेतून देवळापर्यंत जाताना नाववाला म्हणाला, "हे म्हंजी समुद्रच समजा." माईंनी विचारलं, "समुद्र कसा असतोय पन?" नाववाल्यानं पाहिलेला नव्हता. मी नाही, माईंनी नाही, आणि आयुष्य पाण्यावर काढलेल्या तात्यांनीही नाही. परतीच्या वाटेवर भिगवणला चहाला थांबलो, तिथं तात्या एकदम म्हणाले, "जाऊ या. बिनदाराचं पानी बघायचंय मला."

मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी मोठी बोट, चार दिवस. बारामतीतल्या तिकीट काढणाऱ्या पोरानं सांगितलं की ही केबिन तिघांची आहे. दोन पलंग जोडून खाली आणि छताला टेकलेली एक फळी, ती झोपताना खाली ओढायची. दोघं गेलात तर फळी रिकामी जाईल. तात्यांना कुठलीही जागा रिकामी गेलेली बघवत नसे. संध्याकाळी वर आले आणि म्हणाले, "तुझी रजा टाक." मी नको नको म्हणत होते. नवरा-बायकोच्या खोलीत तिसरं माणूस, तेही भाडेकरू! माई जिन्यातून ओरडल्या, "अगं ये! ह्यांच्यासंगं चार दिस एकलीनं एका खोलीत काढायचं म्हंजी मला येड लागंल."

केबिन बघून तात्यांनी पहिली गोष्ट विचारली, "समुद्र कुठंय?" आमच्या केबिनला खिडकी नव्हती. ती आतल्या बाजूची होती. दोन पावलांत पलीकडची भिंत, बाथरूममध्ये एक माणूस वळला की पडदा त्याच्या अंगाला चिकटायचा, आणि संडासाचं बटण दाबलं की असा आवाज व्हायचा की माई दर वेळी "आई गं!" म्हणून बाहेर पळायच्या. दिवा घालवला की दिवस आहे की रात्र, काही कळायचं नाही. तात्या पलंगाच्या कडेला बसले, पिशवीतून पाटी काढली आणि लिहायला लागले.

तिकीटवाल्या पोरानं गृहीत धरलं होतं की वरच्या फळीवर मी, सगळ्यात लहान म्हणून. तात्यांना ते पटलं नाही. "धाकटी हाय म्हनून काय रोज तिनंच चढायचं? बारी लावायची." पहिली बारी त्यांनी स्वतःची लावली. एकाहत्तराव्या वर्षी ते त्या चार पायऱ्यांच्या शिडीवरून वर गेले, छताला डोकं आपटलं आणि कपाटाच्या कप्प्यात ठेवल्यासारखे सरळ आडवे पडून राहिले. पडल्या पडल्या म्हणाले, "ब्येस हाय." खाली माई आणि मी तोंडात पदर आणि उशी कोंबून हसत होतो. झोपायच्या आधी त्यांनी नायलॉनच्या दोरीवर माईंची जुनी साडी पडद्यासारखी बांधली होती, माझ्या बाजूला. मला कुणी सांगितलं असतं तर मी लाजले असते. त्यांनी न सांगता बांधली.

बोटीवरचं जेवण हवं तेवढं, हवं ते घ्यायचं, अशा पद्धतीचं होतं. तात्यांच्या दृष्टीनं हा कॅनॉलवरचा दरोडाच. लोक ताटं भरून घेत होते, मागचे ताटकळत होते. तात्यांनी दोन जेवणं हे नुसतं बघितलं. तिसऱ्या जेवणाला ते रांगेच्या शेवटी गेले, तिथल्या काठी घेतलेल्या एका गुजराती आजोबांना हाताला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांत पुढच्या माणसाला मराठीतच म्हणाले, "थांबा वाईच." तो थांबला. का थांबला ते त्यालाही माहीत नसावं. तात्यांच्या आवाजात काहीतरी होतं, तेहतीस वर्षं भांडणाऱ्या शेतकऱ्यांना थांबवून आलेलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर फळीची बारी माईंची लागली. हे पाटीवर लिहिलेलं बघून मी हरकत घेतली. त्यांचे गुडघे दुखतात, पडल्या तर? तात्या काही बोलायच्या आत माईच म्हणाल्या, "लिवलंय न्हवं? मग चढवा मला." त्यांना खरोखर चढायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. खालून मी, बाजूनं तात्या. माई वर पोचल्या, पालथ्या पडल्या, हनुवटी फळीच्या कडेवर टेकवून खाली बघायला लागल्या. "अगं बाई! हितनं सगळं दिसतंय." तिथून दिसण्यासारखं काहीच नव्हतं, कपाटाची धूळ आणि आमची डोकी. "तुमचं क्यास लई गेल्यात की वो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. तात्यांनी टोपी घातली आणि समुद्र बघायला वर डेकवर निघून गेले.

ते गेल्यावर माई वरूनच माझ्याशी बोलत राहिल्या. चेहरा दिसत नव्हता म्हणून की काय, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांना मूल नाही, एवढं मला माहीत होतं. अडतिसाव्या वर्षी एकदा राहिलं होतं, हे माहीत नव्हतं. पाचव्या महिन्यात, भर उन्हाळ्यात, घरात एकट्या असताना त्रास सुरू झाला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तात्या तेव्हा इंदापूरकडे कॅनॉलवर, बारी चालू. निरोप सकाळी गेला आणि तात्या संध्याकाळी आले. तोवर सगळं संपलं होतं.

"बारी आटपून आलं असतील," माई वरून म्हणाल्या. "त्यांचं पानी आधी. मी काय म्हनलं न्हाय कधी. पन सव्वीस वर्सं झाली, जात न्हाय मनातनं."

मी शिडीला हात लावून उभी राहिले.

आता मला माझं सांगायला हवं. मी मूळची इंदापूरच्या अलीकडच्या एका गावची, आमचं रान चारीच्या अगदी शेवटी. मी नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात आमच्या दोन एकर उसाला पाणी मिळालं नाही. दादांचं, माझ्या वडिलांचं, म्हणणं, आपली बारी शिल्लक असताना कॅनॉलवरच्या साहेबानं दार पाडून कुलूप घातलं. दादा तीन दिवस दारापाशी बसून होते. साहेब परत आला तेव्हा बाचाबाची झाली आणि दादांनी हातातलं खोरं मारलं. साहेबाच्या कपाळावर लागलं. ऊस वाळला, तो कापून जनावरांना घातला. पण त्याहून वाईट म्हणजे गावानं साहेबाचं खरं मानलं. साहेबाच्या कागदात बारी संपल्याचं होतं. दादांना लोक 'पाणीचोर' म्हणायला लागले. कुणी चेष्टेत, कुणी तोंडावर. शाळेत पोरं मला 'पाणीचोराची' म्हणायची.

तात्यांकडे राहायला लागून दुसरं वर्ष होतं तेव्हा एका दुपारी पाहुण्यांना त्यांनी कपाळावरची खूण दाखवून 'खोऱ्याची गोष्ट' सांगितली. मी चहाचे कप उचलत होते. गावाचं नाव आलं, आणि मला कळलं, तो साहेब हाच. आमचं आडनाव अर्ध्या तालुक्याचं, त्यामुळे त्यांना काही कळण्याचा प्रश्न नव्हता. त्या दिवशी वर जाऊन मी बॅग काढली. थोड्या वेळानं माई गरम थालीपीठ आणि लोण्याचा गोळा घेऊन वर आल्या, माझ्याजवळ बसल्या, मी खाईपर्यंत उठल्या नाहीत. बॅग परत पलंगाखाली गेली. त्यानंतर ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी सगळ्यांबरोबर हसले. हसायचे आणि रविवारी घरी जाऊन दादांच्या समोर बसायचे. दादांना एवढंच माहीत होतं की मी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहते, भली माणसं आहेत.

बोटीवर, माईंनी फळीवरून ते सांगितलं त्याच दुपारी, जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर नागपूरचं एक जोडपं होतं. बोलता बोलता नोकरीचा विषय निघाला आणि तात्यांनी गोष्ट सुरू केली. आवाज बदलून, हातवारे करून. "बारी संपून दोन दिस झालं, तरी गडी चारीत हुबा! म्हनतो, पानी माझं हाय. म्या म्हनलं, कुलूप बघ की लेका. तर खोरंच हाणलं!" टोपी काढून त्यांनी भुवईवरची खूण दाखवली. दोघं खूप हसले. नागपूरचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे पक्का पाणीचोर!"

तो शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"ते माझे वडील होते," मी म्हणाले.

तात्यांचा हात टोपीसकट हवेत तसाच राहिला. मी ताट ठेवून उठले आणि केबिनमध्ये आले. आल्यावर लक्षात आलं की इथं येऊन काही उपयोग नाही. थोड्या वेळानं ते दोघंही इथंच येणार. दुसरी खोली नव्हती. आम्ही तिघं दोन पावलांच्या जागेत, आणि खिडकीही नाही, की तिच्याकडे तोंड करून बसावं.

ती संध्याकाळ कशी गेली ते सांगता येत नाही. बाथरूमला जाताना तिघांना एकमेकांना ओलांडावं लागत होतं, आणि आम्ही एकमेकांना धक्का न लावता ओलांडत होतो. पाटीवर काही लिहिलं गेलं नाही. मी न विचारता वरच्या फळीवर चढले. माईंनी आम्हा दोघांत पडायचा प्रयत्न केला नाही. एकदाच म्हणाल्या, "कुनी चा घेनार का?" आणि कुणी उत्तर दिलं नाही तशा एकट्याच जाऊन पिऊन आल्या.

सकाळी बोट गोव्याला लागली. सगळे उतरून गेले, बोळ रिकामा झाला. आम्ही तिघं गेलो नाही. माई आणि मी पलंगावर, तात्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसलेले. टोपी मांडीवर. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापाची बारी सोमवार सकाळपतोर हुती," ते म्हणाले. "मी शनवारी दुपारी दार पाडलं."

त्यांनी टोपी मांडीवरून उचलून पायरीवर ठेवली.

"शनवारी सकाळी निरोप आला, ही दवाखान्यात हाय म्हनून. दार उघडं टाकून जायला येत न्हाय. किल्ली दुसऱ्या कुनाला द्यायची, तर मी कुनावर इस्वास ठेवत न्हवतो. माझ्याबिगर कॅनॉल चालंल कसा, ह्यो माज. दुपारपतोर हितं-तितं केलं. मग दार पाडलं, कुलूप घातलं आन् मिळंल त्या गाडीनं गेलो. तुझ्या बापाचं रान शेवटचं. तेवढंच भिजायचं ऱ्हायलं. टेलवाल्याला आधी, हे मी त्याच्यानंतर लावलं. मंगळवारी परत आलो तर तो दाराशी बसल्याला. मला म्हनला, साहेब, माझं पानी? त्याला मी काय सांगू? वहीत मी बारी संपली म्हनून लिवलं हुतं."

"अवो..." माई म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या हातावर होता, तो त्यांनी काढून घेतला. "म्हंजी शनवारी तुमी... बारी सोडून आलावता?"

"व्हय."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तेहतीस वर्सांत एक बारी मोडली न्हाय, असं मोठ्या तोंडानं सांगत आलो सगळ्यास्नी. तुला बी. आन् येऊन तरी काय उपेग झाला? उशीरच झाला."

माई पदर तोंडाला लावून रडल्या. सव्वीस वर्षांनी रडणं कसं असतं ते मी पहिल्यांदा पाहिलं, त्यात दुःख होतं आणि दुसरंही काहीतरी होतं, सुटल्यासारखं. तात्यांना वाटलं, आपण पुन्हा काहीतरी चुकीचं बोललो. ते घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

मला राग आला होता. माईंसाठी दार पाडलं, ते मला समजत होतं. मी त्यांच्या जागी असते तर सकाळीच पाडलं असतं. राग दुसऱ्या गोष्टीचा होता.

"पाण्याचं राहू दे, तात्या," मी म्हणाले. "पण ती गोष्ट का सांगत राहिलात? हसत हसत?"

ते कपाळावरची खूण चोळत म्हणाले, "सांगून सांगून मला ती खरी वाटाय लागली हुती, पोरी."

माफी मागितली नाही. मला ते तेव्हा खुपलं. दुपारी माईंनी आम्हा दोघांना उठवून डेकवर नेलं. कठड्याला धरून आम्ही तिघं उभे राहिलो. समोर एवढं पाणी, पण तात्या त्याच्याकडे बघतच नव्हते. म्हणाले, "तुझा बाप हाय न्हवं अजून?"

"आहेत."

"मग मला त्याच्याम्होरं बोलायचं हाय. तुझ्याम्होरं बोलून मोकळा हुनार न्हाय मी."

बारामतीला परतल्यावर मला वाटलं, विसरतील, किंवा टाळतील. पुढच्याच रविवारी सकाळी ते एसटी स्टँडवर माझ्या आधी हजर, शेजारी इस्त्रीच्या साडीत माई. दादांना मी आधी काही कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर दादा शेतात निघून गेले असते.

गावात उतरल्यावर मी घराकडे वळले, तर तात्या म्हणाले, "घरी न्हाय. चार मानसं कुठं बसत्यात?" स्टँडसमोर चाचांचं किराणा दुकान आहे, त्याच्या कट्ट्यावर रविवारी दादा असतातच. तात्या सरळ तिकडे गेले. दादांनी त्यांना ओळखलं. हातातली तंबाखू तशीच राहिली. कट्ट्यावर सहा-सात माणसं होती, त्यातली तीन-चार त्या वेळची.

तात्या उभ्यानंच बोलले. आवाज तोच, भांडणं थांबवणारा.

"मी त्या साली कॅनॉलवर हुतो. ह्यांची बारी सोमवारपतोर हुती. मी शनवारी दार पाडलं, आन् वहीत खोटं लिवलं. पानी ह्यांचंच हुतं. ह्यांनी चोरी केली न्हाय. मी केली."

दुकानातून चाचा बाहेर आले. "आमी तवाच म्हनलं हुतं," ते म्हणाले. "पर कागद म्हनल्यावर कोन ऐकतंय?"

दादा उठले. मला भीती वाटली. सत्तरीतला माझा बाप, रागीट माणूस, आणि एवढ्या वर्षांचं साठलेलं. ते तात्यांच्या अगदी जवळ गेले, वर बघितलं, कारण तात्या उंच होते.

"लई लागलं हुतं का?" दादांनी विचारलं.

तात्यांना कळेना. मग त्यांनी टोपी काढली. "तीन टाकं."

"मी दोन वर्सं इंदापुरात चौकीवरनं जात न्हवतो," दादा म्हणाले. "आज धरतील, उद्या धरतील. रातच्याला कुत्रं भुकलं तरी उठून बसायचो. तुमी तक्रार का न्हाय केली?"

"कशाची करू? खरं बाहिर आलं असतं."

दादा मान हलवत राहिले. एकमेकांना भिऊन दोघांनी वर्षं काढली होती, एकानं पोलिसांच्या भीतीनं, एकानं खऱ्याच्या. मग दादा माईंकडे वळले. तोवर मी त्यांना हळू आवाजात शनिवारचं कारण सांगितलं होतं. दादांनी माईंना हात जोडले. माईंनीही जोडले. मग दादा मला म्हणाले, "आईला सांग, दोन ताटं जास्त."

ते जेवण मी कधी विसरणार नाही. आईनं पिठलं, भाकरी, ठेचा आणि घाईत शिरा केला. दादा आणि तात्या पाण्यावर, उसावर, आताच्या पोरांवर बोलत होते. जेवण झाल्यावर दादा त्यांना चारीवर घेऊन गेले. आम्ही बायका ओसरीतून त्यांना लांबून बघत होतो. दोघं दारापाशी उभे होते, एक हात करून काहीतरी दाखवत होता, दुसरा मान डोलावत होता.

मी आज जे काही आहे त्यात त्या घराचा फार मोठा वाटा आहे. नुसती खोली दिली म्हणून म्हणत नाही. पिकलं पान झाल्यावर, कुणीही विचारलेलं नसताना, एखादा माणूस एसटीनं जाऊन चार लोकांत स्वतःचं खोटं मोडून येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लॅबमध्ये कधी नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा संशय आला, नुसता संशय, की मी रिपोर्ट रोखते आणि डॉक्टरांना जाऊन सांगते. ओरडा खाते. दर वेळी तात्या आठवतात असं नाही, पण पाय त्या बाजूला वळतात, ते त्यांच्यामुळे. माई आता एकट्या आहेत. मी वरची खोली सोडून खाली त्यांच्याच खोलीत झोपते. वर एक नवी मुलगी आली आहे, नर्सिंगची.

त्या रविवारी गावातून परतीची गाडी चारला होती. दादा आम्हाला पोचवायला स्टँडवर आले. गाडी भरून आली, आत पाय ठेवायला जागा नव्हती. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पुढच्या गाडीनं जातो." दादा दारातून आत घुसले, कंडक्टरचा खांदा धरला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"म्होरं बसवा ह्यास्नी. आमचं पावनं हायती."